छत्रातील शिधा, पितळी बिल्ला आणि प्रक्रियांचे बीजगणित

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाताना ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ येथे मोठे छत्र उभारले. रामेश्वरच्या यात्रेकरूंना जेवण आणि निवारा मिळावा, मुलांना विद्या मिळावी, हा त्यामागील हेतू होता. १७९९ च्या तहानंतर राज्याचा मुलकी कारभार कंपनी सरकारकडे गेला; परंतु छत्रांची व्यवस्था मोडू नये, याविषयी सरफोजींना विशेष आस्था होती. १८०१ साली त्यांनी तंजावरचे इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून आपल्या छत्रांची रीत समजावून सांगितली. छत्रात येणाऱ्या प्रत्येकास शिजविलेला भात मिळे. ज्यांना तो चालत नसे, त्यांना मसाल्यासह कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास त्याने यावे, असा पुकारा केला जाई.

या वर्णनातील एक बाब संगणकशास्त्राच्या अभ्यासकास थबकविणारी आहे. भात की शिधा, हे ठरविण्याचा अधिकार यात्रेकरूचा आहे, कोठावळ्याचा नाही. हा अधिकार कोणाकडे आहे, एवढ्याच गोष्टीवरून वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन व्यवस्था भिन्न ठरतात. हा भेद गणिताने पकडता यावा यासाठी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एक स्वतंत्र बीजगणित उभे राहिले. बँकांचे संगणकीकृत व्यवहार तपासण्याच्या दृष्टीने हे बीजगणित जाणून घेण्यासारखे आहे.

दोन छत्रांची कल्पना करावी. पहिल्या छत्रात यात्रेकरू दारावर चिठ्ठी देतो, आत जातो आणि तेथे भात मागतो किंवा शिधा मागतो. जे मागेल ते मिळते. दुसऱ्या छत्रातही दारावर चिठ्ठीच द्यावयाची असते. परंतु चिठ्ठी घेताच कारकून स्वतःच्या मर्जीने यात्रेकरूस एका दालनात पाठवितो. एका दालनात केवळ भात मिळतो, दुसऱ्यात केवळ शिधा. दिवसाअखेर दोन्ही छत्रांच्या नोंदवह्या तपासल्या, तर दोहोंत दोनच प्रकारच्या ओळी आढळतील: ‘चिठ्ठी, भात’ आणि ‘चिठ्ठी, शिधा’. वह्यांवरून लेखापरीक्षकास काहीही फरक दिसणार नाही. परंतु परान्न न घेणारा यात्रेकरू दुसऱ्या छत्रात भाताच्या दालनात पोहोचला, तर तो उपाशी राहील. आणि वहीत त्याची ओळच पुरी होणार नाही. नोंद झालेल्या व्यवहारांवरूनच व्यवस्थेची परीक्षा करणाऱ्याला न झालेला व्यवहार दिसत नाही. बँकेच्या ताळमेळाची ज्यांना सवय आहे, त्यांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

अशा यंत्रणांचे चित्र काढण्याची पद्धत जुनी आहे. यंत्रणा ज्या ज्या अवस्थांत असू शकते त्यांचे ठिपके काढावेत आणि एका अवस्थेतून दुसरीत नेणाऱ्या क्रियांचे बाण. या आकृतीस ऑटोमॅटन म्हणतात. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांचा १९५६ साली प्रसिद्ध झालेला निबंध असे सांगतो की, मर्यादित अवस्थांच्या अशा यंत्राकडून स्वीकारल्या जाणाऱ्या क्रियामालिका बीजगणितासारख्या सूत्रांनी लिहिता येतात, आणि प्रत्येक सूत्रासाठी यंत्रही बनविता येते. या सूत्रांत तीनच कृती पुरतात: एकामागून एक, हे किंवा ते, आणि पुन्हा पुन्हा. त्याच वर्षी एडवर्ड मूर यांनी, यंत्र उघडून न पाहता बाहेरून कळा दाबून त्याच्या दोन अवस्थांतील भेद ओळखता येतो काय, हा प्रश्न मांडला.

क्लीनी यांच्या बीजगणितात दोन यंत्रे समान केव्हा? त्यांच्या नोंदवह्या समान असतील तेव्हा. साहजिकच तेथे पुढील नियम खरा ठरतो:

चिठ्ठी.(भात + शिधा) = चिठ्ठी.भात + चिठ्ठी.शिधा

शाळेत शिकलेल्या गुणाकाराच्या वितरण नियमासारखाच हा नियम आहे, आणि एकट्याने चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत त्यात काही वावगे नाही. मात्र यंत्रासमोर दुसरे यंत्र किंवा माणूस उभा राहिला, की हाच नियम फसवा ठरतो. डावी बाजू पहिले छत्र आहे, उजवी दुसरे.

ही अडचण एडिंबरो विद्यापीठातील रॉबिन मिल्नर यांनी मुळापासून हाताळली. १९८० साली त्यांनी परस्परांशी संवाद साधणाऱ्या प्रक्रियांचे बीजगणित ग्रंथरूपाने मांडले. ते ‘सीसीएस’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. १९८१ मध्ये डेव्हिड पार्क यांनी त्यातील समानतेला नेमके रूप दिले. त्या संकल्पनेस बायसिम्युलेशन म्हणतात. मराठीत ‘परस्पर-अनुकरण’ म्हणता येईल. तिचा आशय असा: दोन अवस्थांपैकी कोणतीही एक जी क्रिया करील, ती क्रिया दुसरीलाही करता आली पाहिजे, आणि त्यानंतर त्या दोघी जेथे पोहोचतील तेथेही हीच अट पुन्हा पाळली गेली पाहिजे. पाऊल कोणी आधी टाकावे, याची निवड प्रत्येक वेळी नव्याने करता येते. याच सुमारास इंग्लंडमध्ये टोनी होर यांनी सीएसपी ही पद्धती विकसित केली, तर अ‍ॅमस्टरडॅममध्ये बेर्गस्ट्रा आणि क्लोप यांनी ‘प्रक्रिया-बीजगणित’ हे नाव रूढ केले. समानतेच्या व्याख्याही पुढे इतक्या झाल्या की, १९९० मध्ये रॉब व्हान ग्लाबेक यांना त्यांचा एक नकाशाच तयार करावा लागला.

परस्पर-अनुकरण तपासण्याची रीत एखाद्या शाखेतील लेखनिकास सहज जमेल अशी आहे. आरंभी सर्व अवस्था एकाच गठ्ठ्यात ठेवाव्यात. नंतर कोणती अवस्था कोणत्या क्रिया देऊ करते, ते पाहून गठ्ठे वेगळे करावेत. पुढील फेरीत, एकाच गठ्ठ्यातील दोन अवस्थांचे बाण वेगवेगळ्या गठ्ठ्यांत जात असतील, तर त्यांनाही वेगळे करावे. एकही गठ्ठा फुटेनासा झाला की थांबावे. शेवटी जे एकाच गठ्ठ्यात उरले, ते समान. आपल्या दोन छत्रांवर ही रीत चालवून पाहू. पहिल्या फेरीत दोन्ही दारे एकाच गठ्ठ्यात राहतात, कारण दोन्ही ठिकाणी फक्त चिठ्ठी चालते. पहिल्या छत्राचे आतले दालन भात आणि शिधा दोन्ही देऊ करते म्हणून वेगळे, दुसऱ्याचे भाताचे दालन वेगळे, शिध्याचे वेगळे, आणि जेथे काहीच शिल्लक नाही त्या अखेरच्या अवस्था वेगळ्या. दुसऱ्या फेरीत दिसते की, एका दारातील चिठ्ठी दोन्ही मिळणाऱ्या दालनाकडे नेते, तर दुसऱ्या दारातील तशी कधीच नेत नाही. दारांचा गठ्ठा फुटतो. म्हणून छत्रे भिन्न. पॅरिस कानेलाकिस आणि स्कॉट स्मोल्का यांनी ही पद्धत १९८३ मध्ये प्रक्रियांसाठी मांडली, तर १९८७ मध्ये पेज आणि टार्जन यांनी ती अतिशय वेगवान केली. गंमत अशी की, केवळ नोंदवह्यांची समानता तपासणे वरकरणी सोपे वाटते. प्रत्यक्षात अनिश्चित निवडी असलेल्या यंत्रांबाबत तेच काम गणनेच्या दृष्टीने कितीतरी जड आहे. अधिक काटेकोर कसोटीच अधिक स्वस्त पडते.

बीजगणिताचा उपयोग आता स्पष्ट होतो. प्रत्येक वेळी आकृती न काढता सूत्रांवर नियम लावून समानता सिद्ध करता यावी, हा त्याचा उद्देश. अ + ब = ब + अ, अ + अ = अ, हे नियम कायम राहतात. वर दिलेला वितरण नियम मात्र काढून टाकावा लागतो. उरलेले नियम सर्व खऱ्या समानता सिद्ध करण्यास पुरेसे आहेत काय? पुनरावृत्तीसह असलेल्या क्लीनी-सूत्रांबाबत हा प्रश्न मिल्नर यांनी १९८४ मध्ये विचारला. त्याचे ‘होय’ हे उत्तर क्लेमेन्स ग्राबमायर यांनी २०२२ मध्ये दिले, म्हणजे ३८ वर्षांनी. मिल्नर २०१० मध्येच निवर्तले होते.

काउंटरवरील बिल्ला

दोन प्रक्रिया एकत्र चालू लागल्या म्हणजे काय होते, यासाठी जुन्या बँकिंग हॉलचे स्मरण करावे. ग्राहक काउंटरवर धनादेश देई आणि पितळी बिल्ला घेऊन बाकावर बसे. लेखनिक खातेवही पाहून धनादेश रोखपालाकडे सरकवी. रोखपाल बिल्ल्याचा क्रमांक पुकारून पैसे देई. समजा, लेखनिक एका वेळी एकच धनादेश हाती ठेवतो आणि रोखपालही एकच. ग्राहकास दोनच क्रिया दिसतात: धनादेश ‘घेणे’ आणि पैसे ‘देणे’. लेखनिकाकडून रोखपालाकडे कागद सरकणे पिंजऱ्याआड घडते. मिल्नर यांनी अशा आतील क्रियेस ग्रीक ‘टाऊ’ हे अक्षर दिले. तिला मूक क्रिया म्हणू.

या जोडीच्या अवस्था चार: दोघेही रिकामे, लेखनिकाकडे एक, रोखपालाकडे एक, दोघांकडे एकेक. आता व्यवस्थापकाने कागदावर लिहिलेला नियम पाहू: ‘काउंटरच्या आत एका वेळी जास्तीत जास्त दोन धनादेश असतील.’ त्याच्या अवस्था तीन: शून्य, एक, दोन. चार आणि तीन यांची समानता कशी जुळावी? लेखनिकाकडे एक आणि रोखपालाकडे एक, या दोन्ही अवस्थांची जोडी नियमातील ‘एक’शी लावावी. लेखनिकाचे हात भरलेले असताना नवा धनादेश लगेच घेता येत नाही, हे खरे. परंतु मूक क्रियेने कागद सरकला की घेता येतो, आणि पैसेही त्यानंतर देता येतात. बाकावरील ग्राहकास यात फरक दिसत नाही. म्हणून दोन माणसांची साखळी आणि दोन धनादेशांचा नियम समान ठरतात. एक रचना आहे, दुसरे तिचे वचन. आणि रचना वचनाप्रमाणे वागते, हे येथे सिद्ध झाले. सॉफ्टवेअर तपासणीत याहून निराळे काही करावयाचे नसते, केवळ आकडे प्रचंड असतात.

एक सावधगिरी नमूद केली पाहिजे. मूक क्रिया दुर्लक्षिण्याची ही सवलत समांतर जोडणीत निर्धोक आहे, पण निवडीत नाही. ‘मूक क्रिया, मग भात’ आणि ‘भात’ हे एकटे असताना सारखेच. परंतु त्यांच्यासमोर ‘किंवा शिधा’ जोडले, की पहिल्यात यंत्र गुपचूप भाताकडे वळून शिध्याचा मार्ग बंद करू शकते. त्यासाठी मिल्नर यांनी समानतेची थोडी कडक आवृत्ती वेगळी ठेवली आहे.

एक खाते, दोन हात

आता समजा, ओरत्तनाडूच्या एका शेतकऱ्याचे आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलीचे संयुक्त खाते आहे. शिल्लक ५,००० रुपये. वडील गावातील एटीएममधून १,००० रुपये काढतात आणि त्याच क्षणी मुलगी मोबाइलवरून २,००० रुपये पाठविते. प्रत्येक व्यवहाराची दोन पावले आहेत: शिल्लक वाचणे आणि वजाबाकी करून नवी शिल्लक लिहिणे. दोन्ही व्यवहारांची मिळून चार पावले सहा प्रकारे एकमेकांत मिसळू शकतात. त्यांपैकी दोन क्रमांत एक व्यवहार पुरा होऊन मगच दुसरा सुरू होतो आणि शिल्लक २,००० उरते. उरलेल्या चार क्रमांत दोघेही ५,००० वाचतात. शेवटी लिहिणारा आधीच्याचे लिखाण पुसतो, आणि शिल्लक ४,००० किंवा ३,००० दिसते. बँकेचे पैसे गेले, कोणी चोरले नाहीत! पावले तीन-तीन झाली तर मिश्रणे २० होतात, आणि दहा-दहा झाली तर १,८४,७५६. चाचणी करणारा यांतील किती प्रत्यक्ष चालवून पाहणार? बहुतेक दिवशी योग्य तोच क्रम घडतो, म्हणून दोष वर्षानुवर्षे लपून राहतो.

उपाय सर्वांस ठाऊक आहे: खात्याला कुलूप. वाचण्यापूर्वी कुलूप घ्यावे, लिहिल्यावर सोडावे. बीजगणितात कुलूप ही तिसरी छोटी प्रक्रिया असते, ‘घ्या.सोडा’ हे पुन्हा पुन्हा करणारी. ती जोडून आतल्या क्रिया झाकल्या, तर सहापैकी दोनच क्रम उरतात आणि ‘एक व्यवहार, मग दुसरा’ या वचनाशी समानता सिद्ध होते. दोन खात्यांना दोन कुलुपे असली, तर एकजण पहिले धरून दुसऱ्याची वाट पाहतो आणि दुसरा नेमका उलट; मग दोघेही थिजतात. ही कोंडी नोंदवहीत दिसत नाही, कारण तेथे काहीच घडलेले नसते. परस्पर-अनुकरणाच्या कसोटीत मात्र ती तत्काळ उघडी पडते.

अवस्थांचा स्फोट ही या विद्येची खरी डोकेदुखी. दहा अवस्थांची सहा यंत्रे एकत्र जोडली, तर अवस्था दहा लाखांपर्यंत जाऊ शकतात. येथे बीजगणित दुसऱ्यांदा उपयोगी पडते. एखादा भाग त्याच्याशी समान अशा लहान भागाने बदलला, तरी संपूर्ण यंत्रणेचे वर्तन बदलत नाही, अशी हमी नियम देतात. त्यामुळे आधी प्रत्येक भाग आटवून घ्यावा, मग जोडावा, पुन्हा आटवावा. ग्रनोबल येथील सीएडीपी आणि आइंडहोव्हन येथील एमसीआरएल-२ ही साधने याच रीतीने काम करतात.

अशा तपासणीने खरोखर काय हाती लागते, याचे सर्वांत बोलके उदाहरण संदेशांच्या सुरक्षेतील आहे. १९७८ मध्ये नीडहॅम आणि श्रोडर यांनी दोन अनोळखी संगणकांनी एकमेकांची ओळख पटविण्याचा एक करार मांडला. त्याचा गाभा तीन संदेशांचा. तो इतका छोटा होता की, तज्ज्ञांनी डोळ्यांखालून घालूनही त्यात खोट दिसली नाही. १९९५ मध्ये गॅव्हिन लोव यांनी दाखविले की, पहिला संगणक एखाद्या लबाड मध्यस्थाशी प्रामाणिकपणे संवाद सुरू करतो, तेव्हा तो मध्यस्थ त्याचेच संदेश पुढे सरकवून तिसऱ्याकडे पहिल्याच्या नावाने वावरू शकतो. पुढल्या वर्षी त्यांनी होर यांच्या सीएसपीत करार लिहून, एफडीआर या साधनाकरवी हा हल्ला यंत्राने कसा सापडतो ते प्रसिद्ध केले. दुरुस्ती एवढीच: दुसऱ्या संदेशात उत्तर देणाऱ्याने स्वतःचे नाव घालावे. तीन संदेशांतील ही त्रुटी १७ वर्षे राहिली.

या विषयात भारतीय अभ्यासकांचाही वाटा आहे, आणि त्यातील एक धागा चेन्नई व मुंबई यांना जोडतो. एकाच मोठ्या यंत्राऐवजी ठिकठिकाणची लहान यंत्रे अधूनमधून भेटून काम करीत असतील, तर त्यांचे ऑटोमॅटन कसे असावे, हा प्रश्न. १९८७ मध्ये झिएलोंका यांनी त्यावर मूलभूत प्रमेय सिद्ध केले. पण त्याची सिद्धता अत्यंत क्लिष्ट होती. माधवन मुकुंद आणि मुंबईच्या आयआयटीतील मिलिंद सोहोनी यांनी त्यातील कळीचा प्रश्न वेगळा काढला: दोघे भेटले असता, तिसऱ्याविषयीची अधिक ताजी बातमी दोघांपैकी कोणाकडे आहे? प्रत्येक भेटीस वाढता क्रमांक दिला तर उत्तर सोपे, पण क्रमांक अनंत वाढत जातात आणि यंत्र मर्यादित राहत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने दाखविले की, मोजक्याच खुणा फिरवून फिरवून वापरल्या तरी पुरते. निबंधाच्या नावातच त्यांनी ‘गॉसिप’ हा शब्द योजला आहे. खेड्यात बातमी पसरते तशीच ही पद्धत आहे, फक्त येथे बातमीची तारीख चुकत नाही. चेन्नईच्याच गणितीय विज्ञान संस्थेतील कमल लोडाया यांनी पास्काल वेल यांच्यासह समांतर जोडणी असलेल्या क्लीनी-सूत्रांवर २०००च्या सुमारास केलेले कामही याच क्षेत्रातील.

ग्राहकाच्या अनुभवाशी हे सारे जेथे भिडते, ती जागा म्हणजे अडकलेला एटीएम व्यवहार. खात्यात रक्कम नावे पडते, आणि यंत्रातून नोट येत नाही. वचन असे असते: ‘एक तर नावे पडेल आणि रोख मिळेल, अथवा दोन्हींपैकी काहीच होणार नाही.’ यंत्र आणि मध्यवर्ती संगणक यांच्यामधील संदेश वाटेत हरवू शकत असल्यामुळे, हे वचन एका फटक्यात पाळणारी रचना करता येत नाही. म्हणून नावे पडलेली रक्कम उलट जमा करणारी दुरुस्ती-प्रक्रिया जोडलेली असते. तिच्यासह यंत्रणा वचनाशी समान आहे काय? पाहणारा केवळ एटीएमसमोरचा माणूस असेल, तर होय: नोट आली नाही आणि कालांतराने खातेही जैसे थे. पण पुण्याची मुलगी मधल्या काळात शिल्लक पाहू शकत असेल, तर नाही. तिला कमी झालेली रक्कम दिसते, तिचा हप्ता त्यापायी परत जाऊ शकतो. समानतेचे उत्तर पाहणाऱ्याला काय दिसते यावर अवलंबून असते, आणि मोबाइल बँकिंगने पाहणाऱ्यांची संख्या वाढविली आहे.

शिवाय ‘कालांतराने’ या शब्दाला मूळ बीजगणितात मोजमापच नाही. मूक क्रिया एका क्षणात घडली काय किंवा महिन्याने, दोन्ही समान. काळाचे भान असणारी यंत्रे राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांनी १९९० च्या दशकात सिद्धान्तरूपाने मांडली. व्यवहारात ही उणीव रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने भरून काढली: एटीएममधून रोख न मिळता खात्यात नावे पडल्यास व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने ती रक्कम आपणहून परत जमा करावयाची, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी खातेदारास १०० रुपये द्यावयाचे, तेही त्याने तक्रार करण्याची वाट न पाहता. यूपीआयने पाठविलेली रक्कम एका खात्यातून वजा होऊन दुसऱ्यात पोहोचली नाही, तर ही मुदत एकाच दिवसाची आहे.